पेशीचे मरण आणि माणसाचा पाय



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय ऐकून त्यांनी एकमेकांकडे पाहिले. मधुमेही माणसाच्या पायाची जखम का भरत नाही, त्या जागी पेशी कशा मरतात आणि त्या मरणाचा जनुकांशी काय संबंध आहे, हे मानवाला कसकसे कळत गेले त्याचा इतिहास मी आज सांगणार आहे. मी वैद्य नाही, की विज्ञानाचा पदवीधर नाही. शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले, डॉक्टर मित्रांना पुन्हा पुन्हा विचारून जे पक्के केले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीन.

हा विषय माझ्याकडे चालून आला तो असा. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी संपवून घरी आला. त्याने चपला काढल्या आणि त्याच्या मुलीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. चपलेच्या तळातून वर आलेला खिळा तळव्यात रुतला होता. बारा तास हा गृहस्थ त्या खिळ्यावर उभा होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मधुमेह जुना होता. खाडा पडला तर मजुरी जाते, म्हणून फडके गुंडाळून तो आणखी चार दिवस पाळीला गेला. तीन महिन्यांनी त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भरपाईची बोलणी निघाली तेव्हा मालकाचे उत्तर एका ओळीचे होते : पाय रोगाने गेला, कामाने नव्हे; रोग त्याच्या रक्तातच होता. घरी त्याची म्हातारी आईही तेच म्हणत होती. फक्त तिचा शब्द ‘नशीब’ असा होता.

त्या बैठकीत मला उत्तर देता आले नाही. ‘रक्तात होता’ म्हणजे नेमके काय होते, हेच मला ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो.

रोग जुना आहे. चरकसंहितेत प्रमेहाची उपेक्षा केली असता सात प्रकारच्या पिडका उठतात असे सांगितले आहे. दुर्लक्षाने रोग अंगावर फुटतो, ही गोष्ट आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. युरोपात पाय कुजणे आणि लघवीतील साखर यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मार्शल द काल्व्ही या फ्रेंच वैद्याने ठासून मांडला व १८६४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु मांस मरते म्हणजे काय होते, याचे उत्तर त्यांपैकी कोणापाशीही नव्हते. त्यासाठी आधी पेशी समजावी लागली.

१८४२ मध्ये कार्ल फोग्ट नावाचा तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ बेडकाच्या जातीतील एका प्राण्याची पिले सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. पिलाच्या पाठीत आधाराची एक कोवळी दोरी असते. कण्याचे मणके तयार होऊ लागले की त्या दोरीतील पेशी नाहीशा होतात असे त्याला दिसले. वाढत्या, निरोगी जिवात पेशी मरतात, याची ही पहिली नोंद समजली जाते. फोग्टचे नाव मला आधीपासून माहीत होते, पण निराळ्या कारणाने. राजकारणातील वैरापायी कार्ल मार्क्सने १८६० मध्ये याच गृहस्थावर एक आख्खे पुस्तक लिहून त्याचे वाभाडे काढले होते. माणसाची एक बाजू ऐकून त्याला फाईलबंद करू नये, एवढा धडा मी यातून घेतला.

दुसरा माणूस रूडोल्फ व्हिर्शो. बर्लिनमध्ये १८५८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत त्याने वैद्यांपुढे वीस व्याख्याने दिली आणि त्यांचाच पुढे ‘पेशीविकृतिशास्त्र’ हा ग्रंथ झाला. तीही एका परीने वसंतातील व्याख्यानेच म्हणावयाची. रोग म्हणजे अंगात शिरलेले काही भूत नव्हे, तर पेशींच्या नेहमीच्या व्यवहारात झालेला बिघाड होय. म्हणून रोग कोठे आहे असे विचाराल तर उत्तर ‘पेशीत’ असे आहे, हे त्याचे सांगणे. आजचे सारे वैद्यक या वाक्यावर उभे आहे.

परंतु या व्हिर्शोचीच दहा वर्षांपूर्वीची एक हकिकत आहे. १८४८ च्या आरंभी प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशिया प्रांतात पाठविले. तेथे दुष्काळ पडला होता आणि टायफसच्या तापाने गोरगरीब पटापट मरत होते. त्याने परत येऊन जो अहवाल दिला, त्यात औषधांच्या यादीपेक्षा भर होता तो शिक्षण, लोकशाही आणि पोटभर अन्न यांवर. तो परतल्यावर थोड्याच दिवसांत बर्लिनमध्ये उठाव झाला, तेव्हा हा डॉक्टर मोर्चेबंदीत सामील होता. रोग पेशीत असतो असे सांगणारा माणूस आणि रोगाची कारणे घरात, कामात नि राज्यकारभारात शोधणारा माणूस एकच होता. या दोन गोष्टींत त्याला विरोध दिसला नाही. आपल्याला मात्र तो दिसतो, आणि मालकाला तर तो सोयीचा असतो. आजच्या व्याख्यानाचा कणा म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

फोग्टने पाहिलेले मरण पुढे अनेकांनी पाहिले. पेशी दुभंगून दोन कशा होतात याचे बारकाईने वर्णन करणारा वॉल्टर फ्लेमिंग, त्यानेच १८८५ मध्ये सशाच्या बीजांडकोशात पेशी आक्रसून तुकडे होऊन मरतात हे चित्रांसह दाखविले. परंतु जन्माकडे जेवढे लक्ष गेले तेवढे मरणाकडे गेले नाही. १९५१ मध्ये आल्फ्रेड ग्ल्यूक्समन या संशोधकाने गर्भातील पेशीमृत्यूच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या. आईच्या पोटात आपला हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो; बोटांमधील पेशी मरतात म्हणून पाच बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिलाची शेपटी जाते तीही अशीच. १९६४ मध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशमी पतंगाच्या स्नायूंचा अभ्यास केला. कोशातून बाहेर पडण्यापुरते लागणारे स्नायू काम झाल्यावर ठरल्या वेळी मरतात. त्याला त्यांनी ‘नियोजित पेशीमृत्यू’ असे नाव दिले.

याच सुमारास जॉन कर नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर लंडनमध्ये उंदरांच्या यकृताकडे जाणारी एक रक्तवाहिनी बांधून परिणाम पाहत होता. रक्त अगदीच तुटले त्या भागात पेशी फुगून फुटत, आतील द्रव्ये सांडत आणि भोवती दाह होई. हे मरण वैद्यांच्या ओळखीचे होते. परंतु जेथे रक्त कमी पडत होते, पण तुटले नव्हते, तेथे एखाददुसरी पेशी गुपचूप आक्रसे, तिच्या लहान लहान पुड्या होत आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकीत. दाह नाही, गडबड नाही. पुढे ॲबर्डीन येथे अँड्र्यू वायली व ॲलस्टेअर करी यांच्याबरोबर काम करून त्याने १९७२ मध्ये हे मरण निराळे आहे असे जाहीर केले. तेथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी त्याला शब्द सुचविला : ॲपॉप्टोसिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पाने किंवा पाकळ्या गळणे असा आहे. आपण त्याला पानगळ म्हणू. चैत्रात पालवी फुटावयाची तर आधी जुने पान गळावे लागते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. तरीही पुढील दहा-बारा वर्षे या शोधाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

कारण एक प्रश्न उरला होता. पान गळण्याचा हुकूम कोण देतो? पेशीला मरण बाहेरून येते, की मरण्याची तरतूद तिच्यातच असते?

याचे उत्तर एका मिलिमीटरभर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक कृमीने दिले. हा एलिगन्स नावाचा सूत्रकृमी प्रयोगासाठी निवडला सिडनी ब्रेनर यांनी. ब्रेनर यांचा जन्म १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जर्मिस्टन गावी झाला. त्यांचे वडील लिथुएनियातून आलेले, जोडे दुरुस्त करणारे कारागीर. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण पाच भाषा बोलता येत होत्या. दुकानामागच्या खोल्यांत हे कुटुंब राही. पायाच्या इतिहासात जोडे शिवणाऱ्याचा मुलगा यावा, हा योगायोग मला मोठा वाटतो.

ब्रेनर यांचे केंब्रिजमधील सहकारी जॉन सल्स्टन यांनी त्या कृमीची एकेक पेशी जन्मापासून मोजण्याचा ध्यास घेतला. गर्भावस्थेतील हिशेब पुरा करण्यासाठी ते सुमारे दीड वर्ष रोज चार-चार तासांच्या दोन बैठका सूक्ष्मदर्शकापाशी बसत. हिशेब असा निघाला : कृमीच्या शरीरात एकूण १,०९० पेशी जन्म घेतात, त्यांतील १३१ मरतात आणि ९५९ उरतात. कोणताही कृमी घ्या, त्याच १३१ पेशी, त्याच ठिकाणी, त्याच वेळी. जे इतके ठरलेले आहे ते लिहिलेलेही असले पाहिजे. रॉबर्ट हॉर्विट्झ व त्यांच्या सहकारी हिलरी एलिस यांनी १९८६ मध्ये दाखविले की सेड-३ आणि सेड-४ या दोन जनुकांपैकी एक जरी बिघडले तरी त्या १३१ पेशी मरतच नाहीत. मरण पेशीच्या आतच लिहिलेले होते. पुढे सेड-९ हे जनुक सापडले. ते पेशीला मरू देत नाही. म्हणजे चालविणारा आणि रोखणारा, असे दोन्ही हात पेशीतच आहेत.

कृमीचा कायदा माणसाला लागू आहे काय? मेलबर्नमध्ये १९८८ साली डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी व जेरी ॲडम्स यांना असे आढळले की माणसाच्या एका कर्करोगात सापडलेले बीसीएल-२ हे जनुक पेशींची वाढ करीत नाही, तर त्यांना मरू देत नाही. १९९२ मध्ये हे माणसाचे जनुक कृमीत घातले आणि कृमीच्या मरणाऱ्या पेशींतील काही वाचल्या. १९९३ मध्ये सेड-३ चे भावंड माणसात सापडले. आज अशा भावंडांच्या कुळाला कॅस्पेस म्हणतात. पेशीच्या आतली प्रथिने कापून ती मोडीत काढणाऱ्या या कात्र्या होत. २००२ चे नोबेल पारितोषिक ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन या तिघांना मिळाले. यांतील सल्स्टन यांनी मानवी जनुकांची माहिती कोणा कंपनीच्या मालकीची न होता सर्वांना खुली राहावी यासाठी झुंज दिली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आता पायाकडे वळू.

टोरंटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या कामातून इन्सुलिन हाती आले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी असे रुग्ण बेशुद्ध होऊन लवकर मरत. आता ते जगू लागले, आणि जगलेल्या माणसांच्या पायांचा प्रश्न उभा राहिला. बॉस्टनचे डॉक्टर एलियट जॉसलिन यांनी १९३४ मध्ये मधुमेही पायाच्या कुजण्यावर इशारा देणारा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की हा दैवाचा तडाखा नसून टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. पाय स्वच्छ ठेवा, रोज पाहा, जखमेला विश्रांती द्या. त्या म्हाताऱ्या आईच्या ‘नशीब’ या शब्दाला हे पहिले उत्तर होते.

दुसरे उत्तर आपल्या देशातून गेले. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात, मिशनरी घरात झाला. १९४६ पासून ते वेल्लोर येथे शल्यचिकित्सक होते. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगाने मांस सडते म्हणून, अशी सर्वांची समजूत होती. ब्रँड यांनी पाहिले ते वेगळेच. रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना जाते. मग माणूस तापलेले भांडे धरतो, दगडावर चालतो, जखमेवर तसाच वावरतो आणि एक एक बोट गमावतो. वेदना हा शत्रू नसून पहारेकरी आहे. तळव्याच्या व्रणावर प्लॅस्टर घालून भार सर्व पायावर सारखा वाटावयाचा, ही युक्ती भारतात आणि श्रीलंकेत १९३० नंतरच्या दशकात कुष्ठरोग्यांवर वापरली जात होती. ब्रँड ती बरोबर घेऊन १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथे गेले. तेथे ध्यानात आले की मधुमेही पायाचीही कथा हीच आहे. साखरेने मज्जातंतू बधिर होतात आणि पहारेकरी झोपतो. बारा तास खिळ्यावर उभा राहणारा माझा सहकारी मला ब्रँड यांच्या लिखाणात भेटला.

आता दोन्ही ओघ एकत्र आणू. निरोगी माणसाला जखम झाली की काय होते? मी कारखान्यातला माणूस, मला ते पाळ्यांच्या भाषेत समजले. पहिल्या पाळीला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, जंतूंना मारतात, आणि काम संपले की स्वतः पानगळीच्या रीतीने मरतात. दुसऱ्या पाळीच्या भक्षक पेशी त्यांची प्रेते गिळतात. त्या गिळण्यानेच त्यांना दाह थांबवून बांधकामास लागण्याचा इशारा मिळतो. तिसऱ्या पाळीला तंतू विणणाऱ्या पेशी येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि विणकाम पुरे झाले की या विणणाऱ्या पेशींतील बऱ्याच मरतात व व्रण मऊ पडतो. तेव्हा जखम भरण्यासाठी जसे जगणे लागते तसे वेळेवर मरणेही लागते.

मधुमेहात हा पाळ्यांचा तक्ता विसकटतो. बर्लिनमधील संशोधकांनी २००४ मध्ये न्यूट्रोफिलची एक आगळी कृती उघड केली : ही पेशी स्वतःतील जनुकांचा धागा उसवून जंतूंवर जाळ्यासारखा फेकते आणि बहुधा त्यातच मरते. जंतूंपुढे हे शस्त्र उपयोगी. पण ते जाळे आपल्याही मांसात रुतून बसते. २०१५ मध्ये असे दाखविण्यात आले की मधुमेही माणसाच्या न्यूट्रोफिल पेशी असे जाळे फेकण्यास अधिक उतावीळ असतात, आणि जाळे फेकण्यास लागणारे एक जनुक काढून घेतलेल्या मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरतात. म्हणजे पहिली पाळी शिस्तीने मरत नाही, मोडतोड करून मरते. अमेरिकेत ओहायो येथे २०१० मध्ये आढळले की मधुमेही उंदरांच्या जखमेतील भक्षक पेशी प्रेते नीट उचलीत नाहीत. दुसरी पाळी अडते आणि दाह चालूच राहतो.

तिसऱ्या पाळीचे काय? येथे तोच कृमी पुन्हा भेटतो. १९९७ मध्ये असे कळले की कृमीतही इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या आपल्या प्रथिनाचे भावंड आहे, आणि तो निरोप शेवटी ज्याच्यापाशी पोचतो त्या प्रथिनाचे भावंड माणसात फॉक्सो नावाचे आहे. इन्सुलिनचा निरोप नीट पोचत असेल तर फॉक्सोला पेशीच्या केंद्राबाहेर थोपवून धरले जाते. निरोप क्षीण झाला की ते केंद्रात शिरते आणि इतर अनेक जनुकांबरोबर मरणाकडे नेणारी जनुकेही चालू करू शकते. त्यात आणखी एक भर. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. चिकटून चिकटून त्यांचे राठ, न सुटणारे संयुग बनते. अशी संयुगे तंतू विणणाऱ्या पेशींना फॉक्सोच्या वाटेने मरावयास लावतात, असे बॉस्टनमधील प्रयोगांत दिसून आले. जुनी पाळी हटत नाही आणि विणकर येताच मरतात. जखम भरावी कशी?

तेव्हा मालक म्हणाला ते अगदीच खोटे नव्हते. मरणाची यंत्रणा त्याच्या पेशीतच होती. पण ती मालकाच्या पेशीतही आहे, माझ्यात आहे, या मांडवातील प्रत्येकात आहे. तिच्यावाचून आपली बोटेही सुटी झाली नसती. प्रश्न एवढाच की तिला अवेळी कोण जागे करतो.

येथे कोणी म्हणेल की काही माणसे जन्मतःच अधिक कच्ची असतील. असतीलही. टीसीएफ७एल२ या जनुकातील एक फरक मधुमेहाचा संभव वाढवितो हे आइसलँडमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांवरील अभ्यासातून आपल्या लोकांतही तोच संबंध दिसून आला. पायाच्या व्रणाशी जोडलेला एक जनुकीय फरक स्कॉटलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये पुढे आला. परंतु ही सारी संभवाची गणिते आहेत. कोणाचा पाय जाणार आणि कोणाचा राहणार हे ठरविणारे एकटेदुकटे जनुक कोणी दाखविलेले नाही.

उलट पुरावा मात्र भक्कम आहे. तो दोन अभ्यासांत आहे. पहिला १९८९ सालचा, अमेरिकेतील. तळव्यावर व्रण असलेले चाळीस मधुमेही घेतले. एकवीस जणांना ब्रँड यांच्या पद्धतीचे प्लॅस्टर घातले, एकोणीस जणांना नेहमीची मलमपट्टी केली. प्लॅस्टरवाल्यांतील एकोणीस जणांचे व्रण भरले, तेही सरासरी सहा आठवड्यांत. पट्टीवाल्यांतील फक्त सहा जणांचे. त्यांची जनुके कोणी बदलली नव्हती. बदलला होता तो तळव्यावरचा भार.

दुसरा १९९० मधला, सिॲटल येथील. मधुमेही माजी सैनिकांच्या ऐंशी अवयवच्छेदांची एकामागून एक चौकशी करण्यात आली; आपण कारखान्यातील अपघाताची करतो तशी, साखळीची कडी अन् कडी तपासून. ऐंशीपैकी एकोणसत्तर पायांच्या बाबतीत साखळीच्या टोकाला टाळता येण्याजोगी एखादी घटना, बहुतेक वेळा एखादी क्षुल्लक इजा, निघाली. बोचणारा जोडा, एखादा ओरखडा, असे काहीतरी. साखर, बधिरपणा, कमी रक्त, जंतू या कड्या होत्याच. परंतु एक कडी तोडली असती तर साखळी पुढे गेली नसती.

मला माझे उत्तर येथे मिळाले. खिळा ही कडी होती. बारा तासांची उभी पाळी ही कडी होती. खाडा पडू नये म्हणून गेलेले चार दिवस ही कडी होती. यांतील एकही त्याच्या रक्तात नव्हती. पेशी मेल्या हे खरे; पण कड्या जुळल्या नसत्या तर त्या तशा मेल्या नसत्या. व्हिर्शोने १८४८ मध्ये जे अहवालात लिहिले आणि १८५८ मध्ये जे व्याख्यानांत सांगितले, ती एकाच वस्तूची दोन टोके आहेत. भरपाईचे प्रकरण शेवटी तडजोडीत मिटले, मागितले त्याहून कमीत. परंतु त्यानंतरच्या बोलण्यांत ‘रक्तात होता’ हे वाक्य आम्ही पुन्हा बिनविरोध जाऊ दिले नाही.

आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. जगभरच्या अभ्यासांवरून मधुमेह्यांपैकी शंभरात निदान एकोणीस जणांना आयुष्यात केव्हातरी पायाला व्रण होतो असे धरले जाते. तेव्हा हा विषय केवळ कामगारांचा नाही. दिवसभर गल्ल्यापाशी उभे राहणारे दुकानदार, वर्गात उभे राहणारे शिक्षक, ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, सर्वांचा आहे.

उपाय साधे आहेत. साखर ताब्यात ठेवावी हा पहिला, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्याने. बाकीचे घरचे. रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. जोड्यात पाय घालण्यापूर्वी हात घालावा. अनवाणी फिरू नये. फोड आला, जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवावे आणि त्या पायावर भार देऊ नये. पहारेकरी जागा आहे की नाही, याची परीक्षा दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने होते. तळव्याला तो टेकविलेला कळला नाही तर धोका समजावा. हा धागा पायांसाठी कार्व्हिल येथेच १९८६ च्या सुमारास पक्का करण्यात आला. तो स्वस्त असतो आणि परीक्षेला फार वेळ लागत नाही.

आमच्या संघटनेच्या कचेरीत आता असा एक धागा आहे. दर रविवारी सकाळी तो सहकारी लाकडी बाकावर बसून येणाऱ्यांचे तळवे तपासतो, चपला उलट्या करून पाहतो आणि ज्यांना धागा कळत नाही त्यांची नावे डॉक्टरांसाठी वहीत लिहून ठेवतो. कारखान्यांकडे आमची मागणी आहे ती बसण्याच्या स्टुलाची, धड जोड्यांची, आणि जखमेसाठी घेतलेल्या रजेचा खाडा न धरण्याची. यांतील स्टूल दोन-तीन ठिकाणी मिळाले आहे. बाकीचे मिळावयाचे आहे.

 घरी गेल्यावर आपले, आणि घरात कोणी मधुमेही असेल तर त्यांचे, तळवे एकदा दिव्याखाली पाहा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.